आधी साहेब, मग विमान

चंथाबुरी, गुरुवार

कोमळाअक्कास सेल्वनचा नमस्कार,

मी मजेत आहे, खडे विकले जातायत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारीच ना? ती घाबरली नाही ना?

दर नव्वद दिवसांनी हाकलणारा व्हिसा सोडून यंदा मी वर्षभराचा मागितलाय. थाई बाईच्या नवऱ्याला तो मिळतो, पण आम्ही एकत्र राहतो हे दाखवावं लागतं. बायको नुच मला म्हणाली, "पुरावा मिळाला तर एक प्रत मलाही द्या."

घरातले पाच फोटो एकाच दुपारी काढले. पाचही फोटोंत शर्ट तोच!

साक्षीदार शेजारची लमायमावशी. तिचा प्रश्न, "काय सांगू रे, राहतोस म्हणू की येतोस म्हणू?"

सोमवारी व्हिसा कचेरीचे साहेब घर बघायला येणार. किती वाजता, ते विचारायचं नसतं. ते येऊन गेले की थायलंडात परत यायचा शिक्का घेऊन, आईकडे यायला रात्रीचं विमान. शिक्क्याविना निघालो तर अर्ज बाद.

अक्का, ते आले नाहीत तरी मी निघणार. नुचला हे सांगायचा धीर झाला नाही. काल बघतो तर तिने माझी बॅग भरून, साहेबांना दिसू नये म्हणून, लमायमावशीकडे नेऊन ठेवलीय.

आईला जप.

घड्याळाकडे बघत बसलेला तुझा भाऊ,
सेल्वन