पहाऱ्यावरची बडबड

काका,

काल दुपारपासून डोकं सुन्न आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुम्ही काय करत होतात, हे मला आत्ता कळतंय. हा कागद कुठे पाठवायचा नाही, तुमच्या कॅसेटच्या डबीत राहील.

रायपूरच्या गुढियारीत आमच्या रेल्वेवाल्या मराठी घरांमागच्या मैदानात तुमचा सोंगांचा खेळ असायचा, मी पेटीवर. तुमचा कोतवाल पहाऱ्यावर झोप लागू नये म्हणून बडबडायला लागायचा. तीन तारांच्या बान्यावर, गोंडीत, भरधाव. कोणाला अक्षर कळायचं नाही आणि मैदान हसून लोळायचं. चाळीस वर्षं तेच सोंग, तीच बडबड. कशाला, विचारलं तर म्हणालात, "हसून राहिले ना लोक? मंग ऐकून राहिले."

पुढे राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झालं, मोठे मंच आले, घाईतले साहेब आले. मीच शहाणी, म्हटलं, "काका, वेळ कमी आहे, ती बडबड गाळा ना." तुम्ही बाना पिशवीत घातलात. "ते सोडलं तर मी येऊ काहून, पोट्टी?" आणि सगळ्यांसमोर चालते झालात. म्हातारा हेकट झाला, असं वाटून मी महिनाभर बोलले नाही तुमच्याशी.

काल माझ्या तेलीबांध्याच्या घरी एक म्हातारे गोंड बाबा आले, मैदानातल्या तुमच्या खेळाची कॅसेट ऐकायला. कोतवाल बडबडायला लागला तशी मी सवयीने हसले आणि वळून पाहते तर बाबा खुर्चीतून उठून हात जोडून उभे, डोळ्यांना धार. "ए ह मोर बबा के नाँव आय." आजोबांचं नाव. मग त्यांच्या बापाचं, मग त्यांच्याही बापाचं. तुम्ही परधान, गोंडांच्या दारी पूर्वजांची नावं गाणं हे तुमचं पिढीजात काम, हे मला ठाऊक होतं. बोलावणी बंद झाल्यावर ती नावं तुम्ही कोतवालाच्या तोंडी घातलीत, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी हसत राहिले हो.

बाबा एकेक नाव पाठ करत होते. ती नावं त्यांच्याकडे आता कोणालाच येत नाहीत. दोन जागी अडले. तिथे कोणीतरी खदाखदा हसतंय, नाव ऐकूच येत नाही. चारदा कॅसेट मागे नेली. "ए कोन हाँसत हे, नोनी?" हे हसतंय कोण, पोरी, त्यांनी विचारलं.

पेटी माइकच्या सगळ्यात जवळ असायची, काका. मी म्हटलं, असेल कोणीतरी प्रेक्षकांतलं.