भिंत चढाले अडीच हजार

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

सगळ्यात आधी माफी. शुद्धलेखन माहं बरं नाई अन टायपिंग लयच हळू हाय. फोन बाबाचा जुना, काच तडकेल, एक अक्षर दाबलं की शेजारचं उठते. वाचणारा मीच हाय, तरी मागून ठेवली. मी बी मले कधी कधी लय बोलून दाखवतो.

विषय असा हाय. अमरावतीत बडनेरा रोडले एक जिम उघडली. वजनं उचलाची नाई, भिंत चढाची. मोठ्या गोदामात भिंतीले प्लास्टिकचे रंगीत गोटे ठोकेल हायेत. ते धरून वर जाचं अन परत खाली याचं. वर काहीच नाई. ना चिंच, ना आंबा. एक घंटी हाय म्हणे, ती वाजवाची. याचे महिन्याचे अडीच हजार. बूट वेगळे. हाताले लावाची पांढरी पावडर वेगळी.

अन स्वप्न्यानं लावली. स्वप्न्या म्हणजे स्वप्निल, माहा पहिलीपासूनचा दोस्त. दहावीत माहं गणित राहिलं, मी शाळेले रामराम ठोकला. तो कॉलेजात गेला, अमरावतीले. आमचं घर चिंचेवर चालते. बाबा फुलोरा पाहूनच झाडं ठेक्यानं घेतेत, फेब्रुवारी लागला की आमी झाडावर. दरवर्षी रविवारी स्वप्न्या माह्यासंग झाडावर असते. यावर्षी एकबी रविवारी नाई आला.

मले त्याचं काही नाई. मले फक्त अडीच हजाराचा राग हाय.

ठराव: बहिष्कार. त्या जिममधी मी पाय ठेवणार नाई.

१७ फेब्रुवारी

जिममधी जाऊन आलो. हे पाय ठेवणं नाई, हा सर्व्हे होता.

बाजारात चिंचा टाकल्या अन तसाच गेलो. विचाराचं होतं, एवढे पैसे कायचे घेता? रस्त्यानं पाठ करत गेलो. काउंटरवर रागिणी मॅडम, शर्टावर नाव लिहेल. म्हणे, येस, हाऊ कॅन आय हेल्प यू? मी म्हणलं, बाथरूम कोठी हाय?

तिनं दाखवलं. मंग जा लागलं.

बाथरूम चांगलं हाय. हात सुकवाची मशीन हाय. तरी अडीच हजार नाई होत.

२० फेब्रुवारी

बहिष्कार जोरात सुरू. जिमवाल्याईले अजून माहीत नाई, ते वेगळं.

खुशीले सांगतला. माही लहानी बहीण, पाचवीत हाय. म्हणे, दादा, पैसे असते त गेला असता का? मी म्हणलं, तत्त्वाचा प्रश्न हाय. म्हणे, म्हणजे गेला असता.

लेकराईसंग राजकारण बोलूच नाई.

२३ फेब्रुवारी, दुपार

नुसता बहिष्कार कामाचा नाई. पर्याय द्या लागते. नाल्याकाठच्या मोठ्या चिंचेवर माही स्वतःची जिम. नाव वऱ्हाड क्लाइंबिंग. फी शून्य. पावडर आईच्या डब्यातली. स्टेटस लावलं.

स्टेटस दोघाईनं पाहिलं. त्यातला एक बाबा. म्हणे, काय लावलं हे बे? झाड दुसऱ्याचं, ठेका आपला, अन पोट्टा पडला कोणाचा त भरून कोण देईन? तुहा आजा?

पहिली बॅच: खुशी अन तिची मैत्रीण. पहिल्या फांदीवर बसल्या, कच्च्या चिंचा खाल्ल्या, दात आंबले म्हणून उतरल्या. जाताना खुशीनं चढल्याचे पाच रुपये मागतले. देल्ले. सुरवातीले कोणतीबी जिम तोट्यातच असते.

२ मार्च, रविवार

स्वप्न्या आला! मी बोलावलं नव्हतं. रोज मेसेज टाकत होतो, ते बोलावणं नाई.

पायात नवे बूट, असे टाइट की चालताना तोंड वाकडं करत होता. तरी चढला. पहिल्यासारखं दोघं वर, खाली आई अन मजुरीवाली दुर्गाबाई चिंचा वेचून राहिल्या. बरं वाटलं. चिंच यावर्षी चांगली हाय म्हणून वाटलं.

मंग स्वप्न्यानं अर्ध्या झाडावरून दोन्ही हात सोडले अन मागं झुकला. जसं काही हवेत खाट टाकेल हाय. धापकन दुर्गाबाईच्या ढिगावर. लागलं नाई, चिंचेचा लगदा झाला. दुर्गाबाई म्हणे, अवं माय, हे कोणतं फळ पडलं?

बाबा असे तापले की विचारू नोका. आमच्या धंद्यात एकच कायदा हाय: पाय जमिनीले टेकत नाई तोवर हात सोडाचा नाई. मी चालाले लागाच्या आधी हे शिकलो. स्वप्न्या म्हणे, काका, तथी जिममधी सोडाच लागते, वर दोर असते, सवयीनं सुटला. बाबा म्हणे, अडीच हजार देऊन पोट्ट्याले पडणं शिकवलं!

मी लय दिवसांनी हासलो. स्वप्न्या बी.

७ मार्च

रविवारी जिममधी फ्री ट्रायल हाय. मेंबरनं एक दोस्त आणाचा, त्याले फुकट. स्वप्न्यानं माहं नाव देल्लं. मले न विचारता. मी म्हणलं, माहा बहिष्कार हाय. म्हणे, काहून बे, कायचा बहिष्कार? म्हणजे वीस दिवस झाले अन याले माहीतच नाई.

जाणार नाई.

७ मार्च, उलशा वेळानं

जाणार. पण निरीक्षक म्हणून.

९ मार्च, घरी आल्यावर

बोटं आखडले हायेत, म्हणून अजून हळू.

रागिणी मॅडमनं कमरेले पट्टे आवळले. दोर वरच्या मशीनीले बांधेल असते. म्हणे, वर जा, घंटी वाजव, दोन्ही हात सोड, मागं झुक, मशीन हळूच खाली आणते. मी मान हलवली. मान हलवाले मले जमते.

चढलो. खोटं कायले बोलू, लय सोपं होतं. चिंचेवर मुंगळे तरी असतेत. खाली सगळे बोलता बोलता थांबले. कोणीतरी म्हणे, हा कोण हाय? स्वप्न्या म्हणे, माहा दोस्त हाय. वरून साफ ऐकू आलं. घंटी वाजवली.

मॅडम म्हणे, नाउ लेट गो.

मी हाताले सांगतलं, सोड. हातानं माहं नाई ऐकलं, बाबाचं ऐकलं.

खालून सगळे, लेट गो, लेट गो. मॅडम आधी इंग्लिशमधी ओरडली. मंग पुण्याच्या मराठीत, घाबरू नका, हात सोडा. मंग तिचं अकोला बाहेर आलं. अबे सोड नं बे हात! काय पालीवानी चिपकून राहिला!

सगळे हासले. फोन वर झाले. आता काहीतरी बोला लागणार होतं. चार लोकाईसमोर मी आजवर नाव बी नीट सांगतलं नाई. पण तोंडातून निघालं, मी उतरत नाई. फी जास्त हाय. हे आंदोलन हाय.

मालक किशोर सर हापिसातून धावत आले. म्हणे, तू मेंबर हाय का? मी म्हणलं, नाई. म्हणे, मंग तुले काय करा लागते फीचं? मी घोषणा देल्ली. फी कमी झालीच पायजे! खालून कॉलेजचे पोट्टे बी सुरू झाले. किशोर सरनं एवढे सारे फोन पाहिले, मले पाहिलं, म्हणे, ठीक हाय बाप्पा, स्टुडंटले अर्धी फी. उतर आता.

टाळ्या. मी जिंकलो. आता उतरा लागत होतं.

मी म्हणलं, लेखी पायजे.

लेखी आणलं, खालून दाखवलं. मी म्हणलं, इथून वाचता येत नाई.

तेव्हा स्वप्न्याले समजलं. तो शेजारच्या दोरावर वर आला अन हळूच म्हणे, हात सुटून नाई राहिला नं? मी म्हणलं, आंदोलन हाय. म्हणे, हो, आंदोलनच हाय. चाल, झाडावानी उतरू. डावा पाय खाली. अजून. तो हिरवा गोटा. आता उजवा. आमी चिंचेवरून असेच उतरतो, एकानं पाय सांगाचा, एकानं ठेवाचा. त्यानं कोणाले काही सांगतलं नाई.

जमीन लागल्यावर पाहिलं, मी त्याची बाही धरून होतो.

१० मार्च

व्हिडिओ गावभर. वर नाव लिहेल: भातकुलीच्या पोट्ट्याचं भिंतीवर आंदोलन. चहाच्या टपरीवर लोकं मले ओळखून राहिले. मी मागच्या गल्लीनं घरी आलो.

बाबानं तीनदा पाहिला. म्हणे, हात सोडला नाई, बेस केलं.

यानंतर पेट्रोलचा भाव घ्याचा ईचार हाय. पण त्यासाठी कोठी चढा लागते ते पाहा लागन.

१२ मार्च

मागणी मान्य झाली म्हणून बहिष्कार मागं घेतला. चिंचेची माही मजुरी खिशात घेऊन भरती व्हाले गेलो. दारावर बोर्ड: स्टुडंटले अर्धी फी, कॉलेजचं कार्ड पायजे.

रागिणी मॅडम हासली, म्हणे, ये नेता, कोणतं कॉलेज?

मी म्हणलं, बाथरूम कोठी हाय?

तिनं हातानं दाखवलं. मले रस्ता माहीत होता.

बहिष्कार परत सुरू. आता दोन कारणं हायेत.

२३ मार्च, रविवार

शेवटचं झाड. स्वप्न्या येतो म्हणला होता, मी त्याच्या हिशोबानं सोपी बाजू ठेवली होती. सकाळी मेसेज आला. तुह्या आंदोलनानं कॉलेजचे लय पोट्टे भरती झाले बे, त्याईले शिकवाचं मलेच सांगतलं. आता दर रविवारी. सॉरी. पावसाळ्यात येतो.

पावसाळ्यात चिंच नसते. त्याले माहीत हाय.

तरी पाहा, हे यशच हाय. माह्या एका आंदोलनानं जिम भरली. ज्याईले परवडत नव्हतं ते चढून राहिले, माह्यामुळं. नेता शेवटी एकटाच असते. सोपी बाजू मीच झोडली. मंग अवघड बी. उतरताना डावा पाय, डावा पाय, म्हणत उतरलो. बाबा म्हणे, कोणासंग बोलून राहिला बे? मी म्हणलं, घोषणा हाय.

थांबा. खुशी ओरडत आली. पलीकडच्या आळीतल्या बुधाजी बुढ्याले नवा दात आला म्हणे. ऐंशीच्या वर वय हाय त्याचं. खरंच आला म्हणे, पांढरा. अर्धं गाव पाहाले चाललं. मी बी जातो, स्वप्न्याले मेसेज टाकाले काहीतरी भेटन.