भिंतीपलीकडचा आवाज

दि. ९ फेब्रुवारी, सकाळ

बाई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. गुडघा कुरकुरतो, नळ गळतो. दोघांनी सूर जुळवून घेतलाय.

पत्र पोचलं. ‘कायमची राहायला येऊ का? कविता नको, सरळ उत्तर द्या.’ वाचलं. त्या उत्तराकडे येतोच.

काल जिन्याखालच्या खोक्यात प्रयोगशाळेतल्या त्या दोन गाड्या सापडल्या. शाळेने मोडीत काढल्या तेव्हा मी घरी आणल्या होत्या. आठवतं? टोकांना मेणाचे गोळे लावायचे, एक उभी ठेवायची, दुसरी ढकलायची. खट्ट! की दोघी चिकटून पुढे, निम्म्या वेगाने. आणि शेजारच्या वर्गातून तुम्ही, हातात खडू तसाच.

“सर, तुमच्या गाड्या माझ्या यमकावर आदळतात!”

“बाई, टकरीत निम्मी गतिज ऊर्जा निघून जाते. तिचाच थोडा आवाज होतो.”

“निघून कुठे जाते? माझ्या वर्गात येते!”

पोरं बाकं बडवून हसली होती. तुम्ही गेल्यावर मी त्यांना सांगितलं, ऊर्जा गेली तरी दोघींचा मिळून संवेग तेवढाच राहतो, संवेग अक्षय्य. अख्ख्या विज्ञानाच्या पुस्तकात तो एकच शब्द कवितेच्या पुस्तकातून वाट चुकून आल्यासारखा वाटायचा. दरवर्षी मी तो अंमळ मोठ्यानेच म्हणायचो. भिंत पातळ होती.

असो.

लेक म्हणते, “बाबा, लोकांचं सोडा. त्या झपझप चालणाऱ्या, तुम्ही चहा गार होईस्तोवर खिडकीत. आठवडाभर तरी निभेल का?”

खोटं नाही. हिची आई गेल्यापासून मी उभीच गाडी आहे. वजनं सारखी धरली (रागावू नका), तर तुमचा वेग निम्म्यावर येणार. जो कमी होईल तो मला मिळेल; फायदा माझाच. खटके उडतील, दोघांनाही पोचे पडतील, आणि त्यात जे खर्ची पडेल ते परत मिळायचं नाही. आधीच सांगून ठेवतो. नंतर म्हणाल, सरांनी हा धडा घेतलाच नव्हता.

कपाटाचे खालचे दोन खण रिकामे केलेत. वरच्यांना तुमचा हात पोचायचा नाही. नळाचं काम आज करून घेतो. गुडघ्याचं मात्र ऐकावं लागेल.

सरळ उत्तर मागितलंत.

या.

शेजारच्या वर्गातला