लाकडाचा बोल्ट, लोखंडाचा चक

मंगळवार, संध्याकाळ

शुद्धलेखन चुकन, माफी. फोनवर एकेक अक्षर शोधून टाइप करून राह्यली, म्हणून वेळही लागून राह्यला.

पण आज चक बसला! तान्ह्या पोळ्याले पोरं ओढते त्या लाकडी नंदीची चाकं कातायच्या आपल्या मशीनवर, लाकूड धरणारा चक! मागचा मी फोनवरून मागवलता, त्याचे आटेच जुळले नाई. बाबा म्हणे, "आता चुकली तर मशीन इकून टाकीन." अन् मले तं दुकानात बोलताच येत नाई. म्हणून काल निंबाचा दांडा कातला अन् मशीनवर बराबर बसते त्या जुन्या लोखंडी प्लेटीच्या भोकात पिळून पिळून घातला. दांड्यावर तसेच आटे उमटले. तो लाकडाचा बोल्ट घेऊन आज वर्धेले गेलती.

दुकानदार काका म्हणे, "साइज सांग ना वं, मुकी आहे का?"

मी बोल्टच समोर ठेवला. काकानं दोन-तीन चक लावून पाह्यले, अडकले. मंग एक सरसर चढला.

"हा बोल्ट कोनं बनवला?"

"मीनं!" एवढंच बोलली, पण जोरात बोलली.

घरी बाबानं चक लावून मशीन चालू केली. जराही हालला नाई. बाबा म्हणे, "यंदा चाकं तूच कातजो." लाकडाचा बोल्ट! कसा सुचला असन मले?

अरे, बाहेरून हाक आली, शेजारच्या काकूची म्हैस व्याली! चालली मी पाहाले.