मध्ये बोलायचं नाही

१० फेब्रुवारी

ती. आईंना,

नमस्कार. पाठ कशी आहे? तेलाने फरक पडला असं तुमचे चिरंजीव म्हणतात, पण ते कशालाही 'फरक पडला' म्हणतात, म्हणून तुम्हालाच विचारते. चिमणीचा दात पडला का? तिला सांगा, आईला बघायचाय, टाकून देऊ नकोस.

पत्र बघून दचकू नका. व्हिडिओवर आपण बोलतोच, पण दोन मिनिटांत भांडायला लागतो. पत्राचा फायदा असा, की तुम्हाला मध्येच हात उडवून 'काहीतरीच तुझं' म्हणता येत नाही.

इकडे सगळं छान. हॉस्टेलच्या खोलीत ऊन येतं, मेसचा चहा अजून नुसतं पाणी. पीएचडी संपत आली. शेजारीण तुम्हाला 'सून अजून शिकतेच आहे का हो?' म्हणून विचारते ना, तिला एकदाचं सांगून टाका: बहिऱ्या आणि अंध मुलांच्या शाळा कशा चालवायच्या, तिथले शिक्षक कसे घडवायचे, हे ठरवणारी माणसं इथे तयार होतात. आजवर ते ठरवणारे सगळे ऐकणारे आणि बघणारे होते. आता आम्ही घुसलोय.

आमच्यातला एक जण अंध आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात. मला त्याचं बोलणं ऐकू येत नाही, त्याला माझे हात दिसत नाहीत. मी फोनवर लिहिते, फोन त्याला वाचून दाखवतो. तो बोलतो, फोन मला लिहून दाखवतो. फोन बिचारा दमतो, पण आमच्या गप्पा संपत नाहीत.

मागच्या आठवड्यात तोंडी परीक्षेची रंगीत तालीम झाली. (नाव तोंडी, देणार हातांनी. असो.) मी खुणांनी बोलायचं आणि इथल्या दुभाषीने ते आवाजात सांगायचं. मी नुसती पेटले होते! माझा मुद्दा तुम्हाला पाठ आहे: बहिऱ्या मुलांना आपण गप्प आणि गुणी राहायला शिकवतो. त्यांना वाद घालायला शिकवा, आणि ज्याच्याशी मुलांना वाद घालता येतो, त्यालाच शाळेचा प्रमुख करा. एकाने विचारलं, 'पण मुलं उद्धट झाली तर?' मी म्हटलं, 'प्रश्नच चुकीचा आहे. ऐकणारी मुलं उद्धट होतात तेव्हा तुम्ही शाळेला कुलूप लावता का?' सगळे प्रेमाने हसले. मला वाटलं, जिंकलं!

बाहेर आल्यावर मास्तरने फोन पुढे केला. त्यावर होतं, 'आज तुला बरं नव्हतं का? इतकी गोड का बोलत होतीस?'

गोड? मी? आई, तुम्ही आत्ता हसलात, मला माहीत आहे.

मग खोदून खोदून विचारलं. 'प्रश्नच चुकीचा आहे' याचं झालं होतं, 'याकडे थोडं वेगळ्या दृष्टीनेही पाहता येईल का?' आणि कुलपाचं वाक्य गुळगुळीत होऊन 'सगळी मुलं सारखीच असतात' झालं होतं. दुभाषी वाईट नाही हो. भली बाई आहे, मला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून जपते. जपता जपता सगळं तिखट काढून घेते.

रडले मी, खोटं कशाला सांगू. मला पास करतील, त्याची चिंता नाही. पण 'किती धीराची मुलगी' म्हणून, कौतुक करून पास करतील. शिक्षक घडवणाऱ्या नव्या केंद्राच्या प्रमुखाची जागा याच परीक्षकांच्या शिफारशीने भरणार आहे, आणि धीराच्या मुलीला ती कुणी देत नाही. तिला व्यासपीठावर बसवतात, फुलं देतात, आणि निर्णय शेजारच्या खोलीत घेतात. मला ती जागा हवी आहे, आई. फार हवी आहे.

बाकी काय? हवा बरी आहे. चादर धुतली.

स्वयंपाकघरातलं आपलं मोठं भांडण आठवतं? चिमणीच्या शाळेवरून? मी डोळे मिटले की तुमचं म्हणणं बंद. तुम्ही दिवा घालवला की माझं बंद. मग मी टॉर्च आणला, हनुवटीखाली धरून स्वतःच्या हातांवर उजेड पाडला आणि उरलेलं भांडण पूर्ण केलं. तुमचे चिरंजीव दारात येऊन आधी घाबरले. त्यांना तुम्ही माझं सगळं म्हणणं मोठ्या आवाजात सांगितलंत, शब्दन् शब्द, माझ्याच ठसक्यात. ते अजून म्हणतात, 'आई तुझ्याबद्दल तक्रार करते ना, तेव्हा मला तू ऐकू येतेस.'

इथल्या संस्थेच्या संचालकबाईंना विचारून ठेवलं आहे. आवाज कुणाचा घ्यायचा ते परीक्षा देणाऱ्याने ठरवायचं, म्हणाल्या. प्रश्न दुभाषी मला खुणांनी सांगेल. उत्तरं सांगायला दुसरं कुणी चालेल. काही सुटलं तर ती शेजारी आहेच.

भांडता भांडता तुमच्या खुणा माझ्याइतक्याच पक्क्या झाल्यात. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून तुम्ही लोकांचे आवाज जोडून दिलेत. माझा एकदा जोडून द्याल?

नाही म्हणायचं असेल तर पत्रानेच म्हणा. व्हिडिओवर मी डोळे मिटून घेईन.

तुमची,
टॉर्चवाली


१५ फेब्रुवारी

चि. टॉर्चवालीस,

अनेक आशीर्वाद. पाठ आहे तशीच आहे, तेलाने काडीचा फरक नाही. दात पडला. चिमणीने तो माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवलाय आणि चष्मा बेवारस फिरतोय.

काहीतरीच तुझं! (हात उडवूनच लिहिलंय.) एवढ्या शिकलेल्या माणसांत मी काय बोलणार? तुझ्या नवऱ्याला म्हटलं तर म्हणतो, 'आई, इतकी वर्षं हिच्याशी भांडलीस, एकदा हिच्या बाजूने भांडून बघ.' बायकोचा वकील कुठला.

एक सांगते. एक्स्चेंजमध्ये आमचा पहिला नियम होता: जोडून द्यायचं, मध्ये बोलायचं नाही. कुणी रडो, कुणी शिव्या देवो, कुणाचं ठरलेलं लग्न मोडो. मी तो नियम कधी मोडला नाही. तिथेही मोडणार नाही. तू उद्धट बोललीस तर उद्धटच जाईल. मागाहून माझ्यावर ढकलायचं नाही.

प्रबंधातले कठीण शब्द लिहून पाठव. आणि रोज संध्याकाळी तासभर व्हिडिओवर भांडायचं, सराव म्हणून. विषयांना आपल्याकडे तोटा नाही.

येते मी.

तुझी,
आई

ता. क. गोड? तू? हसून हसून पोट दुखलं.


२० मार्च

ती. आईंना,

नमस्कार. नीट पोचलात ना? तुमची चष्म्याची डबी इथेच राहिली, दातासकट!

निकाल तुमच्यासमोरच लागला, तरी परत सांगते, सांगायला मजा येते: मी डॉक्टर झाले! आणि तुम्ही निघाल्यावर आज सकाळी संचालकबाईंनी बोलावून घेतलं. केंद्र माझ्या हाती दिलंय, आई! केंद्र आपल्याच शहरात, म्हणजे आपण दोघी पुन्हा एकाच स्वयंपाकघरात. टॉर्चमध्ये सेल भरून ठेवा.

मास्तर म्हणतो, तुम्ही 'प्रश्नच चुकीचा आहे' म्हणालात तेव्हा मागे कुणाच्या तरी हातातून पेन पडलं. मग मला म्हणाला, 'तू आज पहिल्यांदा भेटलीस.' परीक्षकांनी माझ्याशी वाद घातला हो! कपाळाला आठ्या घालून, टेबलावर बोट आपटून! प्रेमाने कुणीसुद्धा हसलं नाही. इतकी खूश मी माझ्या लग्नातही नव्हते, पण हे तुमच्या चिरंजीवांना सांगू नका.

एक मात्र राहिलं. शेवटी त्या टकल्या परीक्षकाने विचारलं, 'असं भांडायला शिकलात कुठे?' मी तुमच्याकडे बोट केलं आणि म्हटलं, 'यांच्याकडे. माहेरी सगळ्यांनी लाडाने माझं मान्य केलं, शाळेत दयेने. ही एकच बाई पहिल्या दिवसापासून माझ्याशी बरोबरीने भांडली. मी बहिरी म्हणून हिने एक मुद्दाही सोडला नाही.'

आणि तुमचा गळा हललाच नाही. मी बघत होते. दुभाषी सांगायला पुढे झुकली, तिला तुम्ही हाताने थांबवलंत. मग काहीतरी बोललात. माझं नव्हतंच ते, तुमच्या चेहऱ्यावरून कळलं. आणि सगळी खोली दोन्ही हात वर करून हलवायला लागली, आमच्या बहिऱ्यांच्या टाळ्या. टकल्या तर उभाच राहिला. तुम्हाला विचारलं, तर 'गाडी चुकेल' म्हणून निघालात. मास्तर म्हणतो, 'त्यांनाच विचार.' दुभाषी नुसती डोळे पुसते. माझ्याच परीक्षेत काय बोललं गेलं ते मलाच ठाऊक नाही, हा कुठला न्याय?

सांगा बघू.

तुमची,
डॉक्टर टॉर्चवाली


२४ मार्च

चि. डॉक्टरीणबाईंस,

अनेक आशीर्वाद. डबी मुद्दाम ठेवली. चिमणीचा हुकूम होता, 'दात आईलाच दे.'

केंद्राची बातमी शेजारणीला सांगितली. दोनदा. दुसऱ्यांदा तिने विचारलं नव्हतं.

आता तुझ्या प्रश्नाचं. नियम मोडला मी. अख्ख्या नोकरीत कधी मध्ये बोलले नाही, आणि बोलले ती नेमकी तुझ्या परीक्षेत. तुझं वाक्य सांगायला तोंड उघडलं, पण लाइनच गेली. परत आली तेव्हा मी म्हटलं:

'हिचं एवढं एक वाक्य मी पोचवणार नाही, कारण ते खोटं आहे. हिला भांडायला मी शिकवलं नाही. अकरा वर्षं हिच्याशी भांडतेय आणि एकदाही जिंकलेली नाही. पोरांनी वाद घातलेला हवाय ना तुम्हाला? मग हिच्यापेक्षा चांगलं माणूस कुठून आणाल?'

झालं समाधान? हे व्हिडिओवर पुन्हा कबूल करायला लावलंस तर दिवा घालवीन.

टॉर्चमध्ये सेल भरले आहेत. नवे. लवकर घरी ये.

तुझी,
हरलेली, पण हार न मानलेली,
आई