वहिनीच्या ओव्यांची दुसरी प्रत

सांगली, ३ जून २०२४

ती. दादास शकूचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. घरच्या कॉम्प्युटरच्या बॅकअपसाठी फुकटातली दोन सॉफ्टवेअर पाहिली. एक दर आठवड्याला वेगळी प्रत घेतं आणि जुन्याही ठेवतं. पण लावायला किचकट. दुसरं सोपं. कॉम्प्युटरवर जे असेल ते बाहेरच्या डिस्कवर लगेच तसंच्या तसं उतरतं. तुला हेच बरं. वहिनीच्या ओव्या आधी त्यात घाल. मोबाइलवरच्या तर तू जागा नाही म्हणून पुसून बसलास. ती जाऊन वर्ष होत आलं. तिचा आवाज आता तेवढाच उरलाय. आणि रोज नुसत्या दहीभातावर भागवू नकोस.

तुझी माया अशीच राहो.
शकू

सातारा, २७ जून

चि. शकूस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. मागच्या आठवड्यात ओव्यांचं फोल्डर दोन ठिकाणी दिसलं. एक जादा समजून कॉम्प्युटरवरचं पुसलं, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. डिस्क उघडली तर तिथलंही गेलेलं. इकडे पुसलं की तिकडेही पुसायचं, हेच म्हणे त्याचं काम. पोवई नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस खटपट केली. ओव्यांची नावं सापडली, छत्तीसच्या छत्तीस. वाजवलं की काहीच नाही. तो म्हणाला, "काका, आता हात लावण्यात अर्थ नाही." तू मनाला लावून घेऊ नकोस. चूक माझ्या हातची.

तुझ्या पत्राची वाट पाहतो.
दादा

सांगली, १ जुलै

ती. दादास सा. न.

पत्र दोनदा वाचलं. चूक तुझी नव्हे. इकडचं पुसलं की तिकडचंही जातं, हे मला ठाऊक होतं. जुन्या प्रती ठेवणारं ते किचकट सॉफ्टवेअर तुला समजावायला तासभर लागला असता. तुला जमणार नाही, असं मीच धरून चालले. खरं सांगायचं तर तेवढा वेळ मला द्यायचा नव्हता. क्षमा मागू तरी कुठल्या तोंडाने? १३ तारखेला येते.

रागाव, पण अंतर देऊ नकोस.
शकू

सातारा, ६ जुलै

चि. शकूस आशीर्वाद.

राग नाही. ते किचकट सॉफ्टवेअर मी स्वतःच लावलं. दोन दिवस गेले. त्यात ठेवण्यासारखं काही नव्हतं, म्हणून आठवतील तेवढ्या ओव्या माझ्याच आवाजात म्हणून ठेवतोय. अकरा झाल्या. बहुतेक वेळा तिसऱ्या ओळीला अडखळतो. तिथे ती आतून शब्द पुरवायची. मी जरा थांबतो, मग पुढे जातो. ते थांबणंही त्यात आलंय. राहू दिलंय.

ये, घर तुझंच आहे.
दादा