टोकं आतल्या बाजूला

अण्णा,

आज पुसेगावाहून येताना लेकीला घेऊन कयाधूच्या पात्रात उतरले होते. टिटवी ओरडली आणि मी खाली बघत उभी राहिले. लेक म्हणाली, काय हरवलं? तिला काय सांगू, की टिटवीची अंडी मला माझ्या नजरेनं कधीच सापडली नाहीत. दर वैशाखात तुमचं बोट धरून मी इथं यायचे. पेरणीआधी टिटवीनं अंडी कुठं घातली ते तुम्ही बघून ठेवायचात. पाण्याजवळ घातली तर पाऊस कमी. वर दरडीवर घातली तर पूर, मग नदीकाठचं सखल वावर त्या साली पेरायचं नाही. तुम्ही म्हणता, "समोर हायेत, बघ." मी बघते, तर नुसते गोटे. तरी व्हय म्हणते, कारण व्हय म्हटलं की तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता.

मग, निजामाच्या राजवटीचे शेवटचे उन्हाळे चालू असताना, ती आली. तांड्यावरची, माझ्याच वयाची, शेळ्या राखणारी. "मालक, पाय उचलू नका," ती लांबूनच म्हणाली. तुमच्या वहाणेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती. तुम्ही तिथंच खाली बसलात आणि लहान पोरासारखे हसलात. त्यानंतर नदीवर तिचीच सोबत. पाणमांजराचे माग, खंड्याचं दरडीतलं बीळ, सगळं आधी तिला दिसायचं, आणि घरी जेवताना तुम्ही तिचंच कौतुक करायचात. काय नजर हाय लेकराची. आई एकदा म्हणाली, "मंग तिलाच ठेवून घ्या. हिला धाडू तांड्यावर, शेळ्या तरी वळंन." तुम्ही दोघं हसलात. माझ्या घशात भाकरी अडकली होती. बोलणं न थांबवता तुम्ही पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवलात.

पुढच्या वैशाखात तिनं दरडीवर बाभळीखाली अंडी पाहिली. तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी बघायला येणार होतात. आदल्या दुपारी तिनं आपणहून मला नेलं, माझं बोट धरून अंड्यांच्या दिशेनं केलं, आणि तेव्हा कुठं मला दिसली. "हात लावू नको," ती म्हणाली. "टिटवी सोडून जाती." ती शेळ्यांमागं गेली. मी चारही अंडी परकराच्या ओच्यात घेतली आणि खाली पाण्याजवळ नेऊन मांडली. टिटवी माझ्या डोक्यावर ओरडत फिरत राहिली.

सकाळी आपण तिघं. दरडीवर काहीच नाही. खाली अंडी तुम्हालाच दिसली. "पोरी, तू तर वर म्हनली व्हतीस." ती वाकून बघत राहिली. टिटवी अंड्यांची टोकं आतल्या बाजूला, एकमेकांना लावून ठेवते. मी मांडलेल्यांची टोकं चार दिशांना होती. ती कशाकडं बघते आहे हे मला कळलं. तिनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. आता सांगते, असं मला वाटलं. "माझीच नजर चुकली, अण्णा," ती म्हणाली. तोवर ती तुम्हाला मालक म्हणायची. तुम्ही बराच वेळ अंड्यांकडं पाहिलंत, आणि उठताना तिच्या डोक्यावर हात ठेवलात.

मृगात तुम्ही सखल वावर सोडून बाकीचं पेरलं. आईनं विचारलं, "ते काहून ठेवलं? अंडी तर खाली व्हती म्हने." तिफणीचा दोर आवळत तुम्ही म्हणालात, "वरच व्हती." माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाहीत. त्या साली पूर आला का, ते मला आठवत नाही. ते मोकळं वावर आठवतं.

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली. ती साखऱ्याकडं नांदायला गेली एवढं कानावर आलं. मी चौकशी केली नाही. टिटवी परतली नाही, अंडी कावळ्यांनी नेली, त्याचं मला वाईट वाटतं असं मी स्वतःला सांगत आले. पण अण्णा, मला अजून त्या हाताचा हेवा वाटतो. मला एक चापट मारली असतीत, तर ती तरी माझी असती.

हा कागद घडी घालून लुगड्यांखाली ठेवते आहे. आज वाळूत माझी लेक एकाएकी थांबली आणि कुजबुजली, "आई, ती बघ, गोट्यांत, चार." मी व्हय म्हटलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. मला काही दिसलं नव्हतं.